मातीखेळ आणि पानाफुलांची चित्रं

माती, पाणी, पानं, फुलं, मोठे खडे असल्या आसपास सहज मिळणाऱ्या वस्तू घेऊन एक ते तीन वर्षांच्या मुलांनी खेळायचं, त्यातूनच थापायचं, रंग फासायचे, ठसे उमटवायचे, हा बालशिक्षणातला एक जुना प्रकार. बालवाडीत याला मातीखेळ, पाणीखेळ, ठसेकाम म्हणतात, शहरात हल्ली सेन्सरी प्ले म्हणजे ज्ञानेंद्रियांचा खेळ हा शब्द जास्त चालतो आणि त्याची तयार किटंही मिळतात, पण खरं तर परात, तांब्याभर पाणी आणि दोन मुठी माती एवढ्यावर काम भागतं.

महाराष्ट्रात याला शिक्षणाचं रूप आलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणात काम करणाऱ्या दोघींमुळे. ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करत होत्या, तिथे मुलांनी साधनं हाताळत स्वतः शिकायची माँटेसरी पद्धत होती, पण माँटेसरीची साधनं महाग आणि खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणं शक्यच नव्हतं. 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं, अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि मग शिंपले, खडे, पानं, फुलं, बिया, काड्या हीच साधनं झाली. मोजायला शिंपले, रंग ओळखायला फुलं, लहानमोठं लावायला खडे. 1957 च्या सुमारास काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथल्या वारली पाड्यांमधली मुलं शाळेपर्यंत येत नव्हती म्हणून बालवाडीच्या ताई पाड्यावर जाऊन कुणाच्या तरी अंगणातच वर्ग भरवायच्या, अशा वर्गाला अंगणवाडी म्हणत. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडीही. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आता प्रत्यक्ष खेळाबद्दल. दीड वर्षाचं मूल पहिल्यांदा ओल्या मातीत हात घालतं तेव्हा बऱ्याचदा लगेच हात मागे घेतं, बोटं फाकवून आईकडे बघतं, पुसून दे म्हणून हात पुढे करतं. तेव्हा घाई करायची नाही. आपण शेजारी बसून आपला हात मातीत घालायचा, एक गोळा थापायचा, बस. मग ते एका बोटाने टोचून बघतं, बोटाचं भोक पडलेलं दिसलं की पुन्हा टोचतं, आणि थोड्या वेळाने दोन्ही तळवे आत जातात. काही मुलांना यासाठी आठवडा लागतो, त्यात काही बिघडलं नाही. ज्यांना चिकट अजिबात सोसत नाही त्यांना आधी कोरडा रवा किंवा नाचणीचं पीठ परातीत द्यावं आणि पाणी नंतर थोडं थोडं घालावं.

ठशांसाठी भेंडी सगळ्यात चांगली, आडवी कापली की पाच कोपऱ्यांची चांदणी येते आणि देठाकडचा तुकडा छोट्या मुठीत नीट बसतो. पण दोन वर्षांचं मूल ठसा उमटवून हात उचलत नाही, ते भेंडी दाबतं आणि सरकवतं, त्यामुळे चांदणीऐवजी एक लांब फराटा येतो. इथे मोठ्यांची चूक होते, मुलाचा हात धरून आपणच सुबक चांदण्या काढून देतो आणि फोटो काढतो. तो फराटाच त्या वयाचं चित्र आहे, दाबलं की रंग उतरतो आणि ओढलं की पसरतो हे मुलाला त्यातूनच कळतंय. पानावर कागद ठेवून वरून खडू घासायचा आणि शिरा उमटवायच्या हा खेळ सुंदर आहे पण तो तीनच्या पुढचा, त्याआधी कागद एका जागी धरून ठेवणंच जमत नाही.

रंग घरातलेच वापरावेत कारण बोटं तोंडात जाणारच. बीट किसून पिळलं की गुलाबी, पालक वाटून गाळला की हिरवा, हळद पाण्यात कालवली की पिवळा आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की तोच लालसर होतो. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकून ठेवली की पाणी निळं होतं, ते गार झाल्यावर मुलासमोर लिंबू पिळायचं, पाणी बघता बघता जांभळं होतं आणि मुलं "पुन्हा, पुन्हा" करतात. हे रंग उन्हात उडतात आणि पण हळदीचे डाग नुसतं धुऊन कपड्यावरून सहज जात नाहीत, तेव्हा जुनं झबलं घालावं. वासासाठी तुळस, गवती चहा, ओव्याचं पान, एकेक पान चुरगळून नाकाशी धरायचं.

काळजीच्या गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवाव्या. सव्वा इंचापेक्षा लहान, घशात अडकेल असं काहीही तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये, म्हणजे चिंचोके, सागरगोटे, बारीक खडे सगळं बाद, बालवाडीत बिया, खडे असतात ते मोठ्या मुलांसाठी. गुंजा दिसायला लालकाळ्या आणि मोहक पण विषारी, तसंच एरंडीच्या बिया, धोतरा, कण्हेर, आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या ज्या आपण लहानपणी सर्रास खेळायचो. पाण्यात फुगणारे जेलीचे मणी तर घरातच आणू नयेत, गिळले तर आतड्यात फुगून अडकतात. पाण्याच्या टबाजवळ मूल एकटं सोडायचं नाही, पाणी चार बोटं असलं तरी. माती कुत्र्यामांजरांच्या वावरातली नको, खेळ झाल्यावर साबणाने हात धुवावे, नखं कापलेली असावीत, आणि वर्ष झाल्यावर अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात ती चुकवू नये.

खेळ ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात चिखल आणि डबकी, पोळ्याच्या आधी घरात मोठी माणसं मातीचे बैल करत बसलेली असतात तेव्हा त्यातलाच एक गोळा छोट्याला द्यायचा, दिवाळीत दादा-ताईच्या किल्ल्यावर हळीव पेरायला त्याच्या मुठीत दाणे द्यायचे आणि चार दिवसांनी उगवलेल्या हिरव्या लुसलुशीत कोंबांवरून त्याला तळहात फिरवू द्यायचा. फाल्गुनात पळस फुलतो, फुलं उकळून केशरी पाणी होतं, ते गार करून वाटीत दिलं की होळीपर्यंत रोजचा खेळ होतो.