ब्रेटन : पेलिकनांचं सरकतं बेट

कोकणातली बहुतेक बेटं खडकाची, जागची न हलणारी. अमेरिकेत लुईझियानाच्या किनाऱ्यापलीकडचं ब्रेटन बेट मात्र निव्वळ वाळूचं आहे, आणि ते सरकतं. मिसिसिपी नदी हजारएक वर्षांनी मुखाची वाट बदलते. सुमारे 2000 वर्षांपूर्वी तिनं इकडचा त्रिभुज प्रदेश सोडला. नवा गाळ यायचा थांबला, जुना आपल्याच भारानं खचू लागला. लाटांनी त्यातला बारीक चिखल धुऊन नेला आणि उरलेल्या वाळूचे लांबट दांडे रचले. हीच शँडेलूर बेटांची माळ. ब्रेटन तिच्या दक्षिण टोकाला. खुला समुद्र आणि किनारा यांच्यामध्ये आडव्या पसरलेल्या अशा बेटांना रोधक बेटं म्हणतात.

वादळात पाणी बेटावरून ओसंडतं आणि समुद्राकडची वाळू मागच्या अंगाला नेऊन टाकतं. बेट असं स्वतःवरूनच लोळत किनाऱ्याकडे सरकतं. सुरय आणि पाणचिरे या पक्ष्यांना हेच हवं असतं : मोकळी वाळू, आणि अंडी खाणाऱ्या रॅकूनांपासून लांबची जागा. माणसांना ते मानवलं नाही. इथली छोटी वस्ती 1915च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाली. थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याआधीच, 1904 मध्ये, ही बेटं पक्ष्यांसाठी राखून ठेवली होती.

पण राखीव कागदाला विष थोडंच कळतं! इथला पेलिकन हा मोठा पाणपक्षी अंडी उबवतो ती पायांच्या पडद्याखाली धरून. डीडीटीमुळे कवच पातळ झालं की आईबापांच्याच भारानं अंडं फुटतं. त्यात एन्ड्रिन या कीटकनाशकानं नदीतले मासे आणि पक्षीही मारले. 1966 मध्ये लुईझियानानं तपकिरी पेलिकनला अधिकृत राज्यपक्षी केलं, तेव्हा राज्यात त्याचं एकही घरटं उरलं नव्हतं! 1968 पासून फ्लोरिडातून पिल्लं आणून सोडली. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि पेलिकन हळूहळू सावरले.

आता टंचाई आहे ती वाळूची. 2005 मध्ये कॅटरिना वादळानं या माळेचा मोठा भाग पाण्याखाली घातला. तरी माझ्या मते वादळापेक्षा मोठा दोष बेटाशेजारून खोदलेल्या जहाजांच्या खोल मार्गाचा. वादळ वाळू इकडून तिकडे नेतं, तिच्यातली काही लाटा परत आणतात. त्या मार्गात पडलेली वाळू मात्र ब्रेटनपर्यंत पोचायची नाही. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात झालेल्या मोठ्या तेलगळतीच्या भरपाईतून समुद्रतळाची वाळू उपसून बेटावर भर घातली गेली. नदीचा गाळ इकडे येत नाही, तेव्हा काही वर्षांनी पुन्हा उपसा करावा लागणारच.