पुस्तिकेवर छापलेलं साल आधी बघा

पुण्यातल्या शाळांमध्ये वयात येणाऱ्या मुलामुलींची लैंगिक शिक्षणाची सत्रं घेणाऱ्यांच्या पिशवीत वेगवेगळ्या काळात छापलेल्या पुस्तिका एकत्र नांदतात. मजकूर सारखाच वाटतो, पण प्रत्येकीत त्या त्या वेळचा कायदा आणि त्या त्या वेळची भीती उतरलेली असते.

मराठीत हा विषय नेटाने छापला तो र. धों. कर्व्यांनी. न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनच्या या विद्यार्थ्याने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडली आणि जुलै १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ चा खटला होता वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं, तरी दोनशे रुपये दंड झालाच. शास्त्रीय हेतूने, लोकहितासाठी केलेल्या लेखनाला भारतीय दंड संहितेच्या अश्लीलतेविषयीच्या कलम २९२ मध्ये स्पष्ट सूट मिळाली ती थेट १९६९ च्या दुरुस्तीने.

स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून सरकारी कुटुंबनियोजन सुरू झालं. त्याचं चिन्ह, लाल त्रिकोण, भिंतीभिंतीवर आलं, पण रोख विवाहित जोडप्यांवर. अविवाहित तरुण हिशेबातच नव्हते. एड्समुळे चित्र बदललं. १९९२ मध्ये भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली आणि पुस्तिकांत कंडोम आला, तोही रोगाचा हात धरून. तेव्हाच्या साहित्यातला धाकदपटशाचा सूर त्यातला.

२००५ च्या सुमारास केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम शाळांत निघाला. २००७ मध्ये चित्रांवरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो थांबवला. पुढच्या बऱ्याच साहित्यावर त्याचा परिणाम दिसतो: चित्रं गेली, ‘जीवनकौशल्य’ आलं. मुलींना पाळीची माहिती द्यायची आणि तेवढा तास मुलांना मैदानावर पाठवायचं, ही सोयीची पद्धतही सुटली नाही. स्वप्नदोषाबद्दल मुलगे मग मोबाइलला विचारतात.

त्यामुळे जुनी पुस्तिका वाटण्याआधी चार जागा तपासाव्यात. संमतीचं वय १६ लिहिलं असेल, तर ती २०१२ च्या पॉक्सोआधीची (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा), आता १८. गर्भपाताची मर्यादा सरसकट २० आठवडे असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीआधीची. आता ठरावीक गटांसाठी, त्यात अल्पवयीन मुलीही आल्या, ती २४ पर्यंत आहे. गर्भपातासाठी गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त ‘विवाहित स्त्री’ला लागू, असं असेल तरी तेच. समलिंगी संबंध गुन्हा म्हटला असेल, तर सप्टेंबर २०१८ आधीची. आणि तातडीच्या गर्भनिरोधक गोळीपुढे ‘७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी’ एवढं हवंच. ती गर्भपाताची गोळी नाही, हेही त्याच पानावर असावं. गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच होतो.

सत्रातली प्रश्नपेटी, म्हणजे मुलांनी निनावी शंका चिठ्ठीवर लिहून टाकायची पेटी, ही कर्व्यांच्या शंकासदराची नातच. ती नीट चालायला चिठ्ठ्या एकाच आकाराच्या, पेनं एकाच रंगाची, आणि लिहायचं सगळ्यांनी. प्रश्न नसेल त्याने आवडती भाजी लिहावी. नाहीतर लिहिणारे दोघे-तिघेच उरतात आणि वर्ग त्यांच्याकडे वळून बघतो. पेटी तिथल्या तिथे उघडू नये. आधी चाळून घ्यावी, कारण एखाद्या चिठ्ठीत अत्याचाराची खूण असते. पॉक्सोच्या कलम १९ नुसार माहिती मिळताच पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ‘तुमचं सगळं गुपित राहील’ असं आश्वासन सुरुवातीला देऊ नये. काय सांगावं लागेल ते आधीच सांगावं. दुसरीकडे, १८ खालच्या मुलीच्या गर्भपाताबाबत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला डॉक्टरांना मोकळीक दिली: मुलीने व पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायला नको. पालकांची लेखी संमती मात्र लागतेच. ज्यांत हा निकाल नाही अशा पुस्तिका अजूनही वाटल्या जातात. त्यात एक छापील चिठ्ठी तरी घालावी.