कॉरिडॉर म्हणजे मुळात पळायची जागा

हॉस्पिटलातला कॉरिडॉर, ऑफिसातला कॉरिडॉर, हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की तो आला कुठून हे डोक्यातच येत नाही. इंग्लिशमध्ये तो 16व्या शतकाच्या शेवटी फ्रेंचमार्गे आला, पण मूळचा इटालियन. लॅटिनमध्ये कुर्रेरे म्हणजे पळणं, इटालियनमध्ये त्याचं झालं कोर्रेरे, आणि त्यावरून कोर्रिदोरे. कुरिअर, करंट, कोर्स, कर्सर हे सगळे याच धातूतले, म्हणजे दारात पार्सल घेऊन येणारा आणि वायरीतून वाहणारी वीज एकाच घराण्यातले निघाले, मला तर हे कळल्यावर फार भारी वाटलं होतं.

गंमत म्हणजे इंग्लिशमध्ये सुरुवातीला कॉरिडॉर घरात नव्हताच, किल्ल्यात होता. खंदकाच्या बाहेरच्या कडेने सैनिकांना आडोशाने ये-जा करता यावी म्हणून ठेवलेली वाट. तिकडच्या मोठमोठ्या महालांत तेव्हा बहुतेक एका खोलीतूनच दुसरीत, दुसरीतून तिसरीत जायचं. 18व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातला ब्लेनहाइम पॅलेस बांधताना मार्लबरोच्या डचेसबाईंना कॉरिडॉर हा शब्दच कळेना, तेव्हा आर्किटेक्ट जॉन व्हॅनब्रूने त्यांना कळवलं की शब्द परका आहे, साध्या इंग्लिशमध्ये पॅसेज. आणि इटलीत बघा, फ्लोरेन्सला 1565 मध्येच वासारी या आर्किटेक्टने तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्यासाठी नदीच्या पुलावरून जाणारा लांबच लांब कॉरिडॉर 5 महिन्यांत उभा केला होता.

पुढे शब्द नकाशावर गेला (पहिल्या महायुद्धानंतरचा पोलिश कॉरिडॉर, म्हणजे पोलंडला समुद्रापर्यंत पोचवणारी जमिनीची पट्टी), मग विमानांच्या वाटांना लागला, आणि मग जंगलात शिरला. माझ्या मते तिथेच तो सगळ्यात शोभतो. वयात आलेला वाघ आईचा इलाखा सोडून स्वतःची जागा शोधायला निघतो, दोन जंगलांमधली झाडीची पट्टी हीच त्याची वाट, आणि ती तुटली की वाघ तिथल्या तिथे अडकतात, नात्यातल्या नात्यात पिल्लं होतात, पुढच्या पिढ्या कमजोर होत जातात. आपल्याकडे पेंच आणि कान्हाला जोडणारा कॉरिडॉर नॅशनल हायवे 44 ने कापला गेला, म्हणून पेंचजवळ महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता उचलून खालून प्राण्यांसाठी 9 मार्ग ठेवलेत, त्यातला सगळ्यात लांब 750 मीटरचा. वर ट्रकांची रांग चाललेली असते आणि खालच्या कॅमेऱ्यांत वाघ, बिबटे, रानकुत्री, चितळं आरामात जाताना टिपली गेलीत.