व्होलटाइल म्हणजे ज्वालाग्राही नव्हे

डिझेल पेटतं, पण ते फारसं व्होलटाइल नाही. उलट डायक्लोरोमिथेन हे द्रावक उघड्यावर झपाट्याने उडून जातं, पण सहजासहजी आग धरत नाही. तरीही बाटलीवर हे विशेषण दिसलं की बहुतेक जण 'पेट घेणारं' असाच अर्थ लावतात. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच: नेहमीच्या तापमानाला सहज वाफ होऊन उडणारं, म्हणजे बाष्पनशील.

हा गुण मोजायचा तो बाष्पदाबाने. झाकणबंद बाटलीत द्रवातून सुटणारे आणि द्रवात परतणारे रेणू सारखे झाले की वरच्या मोकळ्या जागेतल्या वाफेचा जो दाब असतो, तो बाष्पदाब. २० अंश सेल्सिअसला तो पाण्यासाठी सुमारे २.३ किलोपास्कल, इथेनॉलसाठी ५.८, ॲसिटोनसाठी २४ आणि डायइथिल ईथरसाठी ५८ च्या आसपास असतो. ईथरचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा चौपट जड, तरी तोच आधी निसटतो. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. ईथरच्या रेणूंमध्ये आपसांत तसे बंध होत नाहीत.

तापमान २० वरून ३० अंशांवर गेलं, की पाणी किंवा इथेनॉलचा बाष्पदाब जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय तापलेला द्रव प्रसरणही पावतो. म्हणून अशा बाटल्या काठोकाठ भरत नाहीत, आणि उन्हात तर मुळीच ठेवत नाहीत. मग फ्रिज बरा? ईथरसाठी घरगुती फ्रिज ही सर्वांत वाईट जागा. त्याचा फ्लॅश पॉइंट (ठिणगीने पेटेल इतकी वाफ ज्या किमान तापमानाला तयार होते ते) सुमारे उणे ४५ अंश आहे, म्हणजे फ्रिजच्या ४ अंशांनाही पेटण्याइतकी वाफ तयार होतच राहते. ती बंद कप्प्यात साठते, आणि आतल्या दिव्याच्या किंवा थर्मोस्टॅटच्या स्विचची एक ठिणगी पुरते. प्रयोगशाळेत यासाठी आत ठिणगी पडणार नाही असे खास फ्रिज वापरतात. ही वाफ हवेपेक्षा अडीचपट जड असते. ती जमिनीलगत पसरत लांबच्या ज्योतीपर्यंतही पोचते.

मिश्रणात दुसरीच भानगड. अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण उघडं राहिलं तर अल्कोहोल जास्त वेगाने उडतं. बाटली अर्धी भरलेली दिसते, पण उरलेल्या द्रवाची तीव्रता लेबलवरच्या आकड्यापेक्षा कमी झालेली असते.

बाष्पदाब कमी म्हणजे धोका नाही, असंही समजू नये. पाऱ्याचा बाष्पदाब पाण्याच्या दहा हजारांश भागाहूनही कमी. तरी बंद खोलीत सांडलेला पारा हवेतली वाफ सुरक्षित मर्यादेच्या शेकडोपट वाढवू शकतो.

संगणकाच्या मेमरीला 'व्होलटाइल' हेच विशेषण लावलं की अर्थ बदलतो. तिथे 'सतत बदलणारी' असा अर्थ घेणंही चूकच. वीज गेली की माहिती जाते, एवढंच त्यातून सांगायचं असतं. डीरॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या मुख्य मेमरीत, प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकतो. तो भार गळत राहतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी वाचून पुन्हा लिहाव्या लागतात. एसरॅम या दुसऱ्या प्रकारच्या मेमरीला हे पुनर्लेखन लागत नाही, पण वीज तिलाही लागते. मात्र वीज तोडताक्षणी सगळं पुसलं जातं असं नाही. थंडीत भार हळू गळतो. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी गोठवलेल्या मेमरी चिपमधून, वीज तोडून काही मिनिटं झाल्यावरही, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या (सांकेतिक केलेली माहिती उलगडणारे गुप्त आकडे) वाचून दाखवल्या होत्या.