नाशिक : क्रीडापर्यटन

नाशिक शहर आणि भोवतालच्या त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरी, सटाणा या डोंगरी पट्ट्यात खेळण्यासाठी, धावण्या-चढण्यासाठी किंवा स्पर्धा पाहण्यासाठी होणारा प्रवास. ‘क्रीडापर्यटन’ हा शब्द मराठीत अलीकडचा आहे. त्याचा संकुचित अर्थ स्पर्धेपुरता राहतो, तर व्यापक अर्थात गिर्यारोहण, सायकलस्वारी आणि दुर्गभ्रमंतीही येते. नाशिकपुरता व्यापक अर्थच घ्यावा लागतो, कारण आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामने भरवणारे स्टेडियम शहरात नाही आणि बाहेरचा माणूस येथे येतो तो बहुधा डोंगरासाठी.

या प्रवासाचे मूळ ब्रह्मगिरीच्या फेरीत शोधण्याचा मोह होतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो लोक त्र्यंबकेश्वरहून सुमारे 20 किमीची ही प्रदक्षिणा घालतात. अनेक जण रात्रीच निघतात, काही अनवाणी असतात. अंतर आणि चढउतार पाहता ही शरीराची कसोटीच आहे. मात्र फेरीला नवसाची आणि पुण्याची चौकट आहे, तिथे घड्याळ कोणी लावत नाही. त्यामुळे तिला क्रीडापर्यटनाची पूर्वपीठिका म्हणावे, आरंभ म्हणू नये, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

हरिहर : आजच्या गर्दीचा केंद्रबिंदू त्र्यंबक रांगेतील हरिहर उर्फ हर्षगड हा किल्ला होय (उंची सुमारे 1,120 मी.). निरगुडपाडा आणि हर्षेवाडी या दोन्ही बाजूंनी वाट आहे. कातळात खोदलेल्या शंभराहून अधिक पायऱ्या जवळजवळ उभ्या चढतात. त्यांचा कोन साधारण 80 अंश सांगितला जातो. पायरीच्या दोन्ही कडांना बोटे रुतवण्यासाठी खोबण्या आहेत. चढताना त्या आपोआप हाताला लागतात. उतरताना मात्र तोंड कातळाकडे करून पायानेच खालची पायरी चाचपावी लागते आणि नवख्याची गाळण उडते ती इथेच. दरवाजा ओलांडल्यावर कातळाच्या पोटात कोरलेल्या अरुंद वाटेने वाकून जावे लागते, मग पुन्हा पायऱ्या लागतात. माथ्यावर तळे, मारुतीचे स्थान आणि दारूगोळ्याचे म्हणून ओळखले जाणारे दगडी कोठार आहे.

पायऱ्यांच्या काळाबद्दल एकमत नाही. किल्ला यादवकाळात, गोंडा घाटाच्या व्यापारी मार्गावर पहारा ठेवण्यासाठी उभारला गेला असे सामान्यतः मानतात. हे अनुमान मुख्यतः स्थान आणि बांधणी यांवरून केलेले दिसते, तेव्हा ‘यादवकालीन’ हे विशेषण सावधपणे वापरणे बरे. 1636 पासून पुढचा इतिहास अधिक भक्कम आहे. त्या वर्षी शहाजीराजांना त्र्यंबकसोबत हा किल्ला मोगलांना द्यावा लागला, 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो घेतला आणि 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने या चढणीची तुलना शिडीशी केली होती. किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवताना पायऱ्यांच्या सौंदर्यावर भाळून इंग्रजांनी या पायऱ्या वगळल्या, ही गोष्ट वाटाडे रंगवून सांगतात. ब्रिग्जच्या वर्णनात आश्चर्य दिसते, दयेचा पुरावा त्यातून निघत नाही.

किल्ल्याच्या उभ्या कड्याला ‘स्कॉटिश कडा’ म्हणतात. प्रचलित माहितीनुसार डग स्कॉट या गिर्यारोहकाने 1986 मध्ये तो प्रथम सर केला. स्कॉट इंग्लिश होता, म्हणजे नाव पडले ते आडनावावरून. स्कॉटलंडचा येथे काही संबंध नाही. पावसाळी शनिवार-रविवारी पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात. त्यामुळे जाणकार मधल्या वाराला, पहाटे निघण्याचा सल्ला देतात.

इतर दुर्ग : सटाणा (बागलाण) तालुक्यातील साल्हेर (1,567 मी.) हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. 1672 च्या मराठे-मोगल लढाईमुळे प्रसिद्ध असलेला हा गड 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील मराठा लष्करी स्थळांत समाविष्ट झाला. इगतपुरीकडील अलंग-मदन-कुलंग ही दुर्गत्रयी दोराशिवाय करू नये. अंजनेरी, रामशेज आणि धोडप तुलनेने सोपे आहेत. हनुमानाचे जन्मस्थान अंजनेरी की कर्नाटकातील अंजनाद्री, हा वाद 2022 मध्ये पुन्हा पेटला होता. पर्यटकांच्या संख्येवर त्याचा परिणाम झाल्याचे दिसत नाही.

धावणे : हरसूल परिसरातील सावरपाडा या आदिवासी पाड्याची कविता राऊत हिने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. वृत्तपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ केले. संजीवनी जाधव (2017 च्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत 5,000 मीटरचे कांस्य) आणि मोनिका आथरे याही याच जिल्ह्यातल्या. डोंगरातल्या पायपिटीमुळे या मुली घडल्या असे लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. ते अर्धेच खरे मानावे. पायपीट शेकडो पाड्यांत आहे. ती ट्रॅकवर आली भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावरील शिस्तबद्ध सरावामुळे. बाहेरगावच्या हौशी धावपटूंना ओढणारी स्पर्धा म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाजाची, ‘मविप्र मॅरेथॉन’ म्हणून ओळखली जाणारी शर्यत.

सायकल : डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी 2015 मध्ये सुमारे 4,800 किमीची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. शहरातल्या सायकलवेडाला त्यानंतर उधाण आले, पण ते सुरू आधीच झाले होते. आषाढीपूर्वी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते. रविवारी सकाळी त्र्यंबक किंवा गंगापूर रस्त्याने जाणारे जथे परतीला मिसळीच्या दुकानापाशी थांबतात. पाहुणा बरोबर असेल तर त्याला हा थांबा चुकवता येत नाही.

शहरातील मैदाने : हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर आजही ‘गोल्फ क्लब’च म्हणतात. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या कान्हेरे यांचे नाव मैदानाला आहे, तर बोलीत साहेबाचा खेळ टिकून आहे. महाराष्ट्र संघाचे काही रणजी सामने येथे झाले. एरवी पहाटे भोवतीच्या मार्गावर चालणाऱ्यांचीच वर्दळ असते.

जलक्रीडा : गंगापूर धरणाच्या जलाशयावर बोटक्लब आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला, परंतु त्याची घडण सैन्यात, पुण्याला झाली.

हंगाम : धावण्यास आणि सायकलीस नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, कारण किमान तापमान पुष्कळदा 10 अंश सेल्सिअसखाली येते. शहरात पाऊस बेताचा पडतो, पण त्र्यंबक-इगतपुरीकडे तो कोसळतो आणि कातळ शेवाळतो. मुंबईहून अंतर सुमारे 170 किमी, पुण्याहून सुमारे 210 किमी. श्रावणी सोमवारी आणि 2027 च्या सिंहस्थ पर्वण्यांच्या सुमारास त्र्यंबकच्या बाजूला मुक्कामाची खोली मिळेल असे धरून निघू नये.