लिफ्ट कोसळत का नाही?

लिफ्टमध्ये शिरल्यावर समोर एक पत्र्याची पाटी दिसते: ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’. माणशी ६८ किलो असा तो हिशेब. दुसरा हिशेब शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत, लटकत असतो, तो कुणाला दिसत नाही. केबिन ज्या पोलादी दोरांना टांगलेली असते, त्यांच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारं वजन, असतं. त्याचं वजन रिकाम्या केबिनइतकं, अधिक पाटीवरच्या भाराच्या साधारण निम्मं. म्हणजे आत चार माणसं असली की दोन्ही बाजू जवळपास सारख्या. तुम्ही एकटेच असाल आणि मशीनचा ब्रेक पूर्ण निकामी झाला, तर लिफ्ट खाली येणार नाही. ती वर निघेल.

तरी भीती वाटते ती दोर तुटण्याचीच. एकेकाळी ती रास्त होती. माल वर चढवणारे पाळणे एकोणिसाव्या शतकात गिरण्यांमध्ये आणि गोदामांमध्ये सर्रास होते, पण ते तागाच्या दोरावर चालत. तागाचा दोर झिजतो, कुजतो आणि सहसा न सांगता तुटतो. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ साली तारांचा दोर वापरात आणला, तेव्हा मजबुतीचा प्रश्न बराचसा सुटला. पण मजबूत दोरही कधी ना कधी तुटू शकतो, आणि तो तुटल्यावर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते उत्तर एलिशा ग्रेव्ह्ज ओटिस यांनी दिलं. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये पलंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तंत्रज्ञ होते. १८५२ साली तिथे सामान वरच्या मजल्यावर चढवायला पाळणा हवा होता. ओटिस यांनी त्याच्या माथ्यावर घोडागाडीचा पोलादी पाटा बसवला आणि दोर थेट पाळण्याला न बांधता त्या पाट्याला बांधला. पाळण्याच्या वजनाने दोर ताणलेला असेपर्यंत पाटा वाकलेला राही. दोर तुटला की ताण संपे, पाटा झटक्यात सरळ होई आणि त्याला जोडलेल्या खिट्ट्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर कापलेल्या दात्यांमध्ये घुसत. पाळणा जागच्या जागी अडके.

यातली खुबी अशी की ब्रेक लावायला कुणी लागत नाही. ब्रेकला तर सदैव लागायचंच असतं, शाबूत दोर त्याला अडवून धरतो. अडवणारा गेला की ब्रेक लागतो, म्हणजे बिघाडच बचावाचं काम करतो. मला ही कल्पना त्या शतकातल्या कितीतरी गाजलेल्या यंत्रांपेक्षा मोठी वाटते. आजच्या लिफ्टच्या मोटरवरचा ब्रेकही याच विचाराचा आहे: स्प्रिंगा त्याला कायम आवळत असतात आणि विजेचं चुंबक त्याला सोडवून धरतं. वीज गेली की लिफ्ट पडेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वीज जाणं म्हणजेच ब्रेक लागणं.

गिऱ्हाईक मात्र कल्पनेवर भाळत नाही. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात ओटिस स्वतः उंचावरच्या पाळण्यात उभे राहिले आणि सगळ्यांसमोर दोर तोडायला लावला. कुणी सांगतं कुऱ्हाडीने तोडला, कुणी सांगतं तलवारीने. पाळणा जेमतेम घसरला आणि थांबला. २३ मार्च १८५७ रोजी ब्रॉडवेवरच्या हॉवट यांच्या पाच मजली दुकानात त्यांची पहिली प्रवासी लिफ्ट सुरू झाली. दुकान चिनी मातीच्या नि काचेच्या भांड्यांचं, लिफ्ट वाफेवर चालणारी, वेग मिनिटाला सुमारे १२ मीटर. धडधाकट माणूस जिन्याने आधी पोचला असता. ती लिफ्ट फार वर्षं टिकली नाही, इमारत मात्र अजून उभी आहे. ओटिस १८६१ साली घटसर्पाने गेले. उंच इमारतींचं युग त्यांनी पाहिलंच नाही.

पण ओटिस यांच्या रचनेत एक मोठी फट होती. तिचा पाटा फक्त एक गोष्ट ओळखायचा: दोरातला ताण गेला का? समजा दोर शाबूत आहे, पण वरच्या मशीनचा ब्रेक सुटला. मग माणसांनी भरलेली केबिन वेगाने खाली येते, तरी फिरणाऱ्या चाकाच्या आणि काउंटरवेटच्या ओढीने दोरात थोडाफार ताण उरतोच. पाट्याच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं. दोर खूप वरच्या बाजूला तुटला, तर त्याची लोंबणारी शेपटीही पाट्याला फसवू शकते. इमारती चढू लागल्या तशी ही फट वाढत गेली.

म्हणून प्रश्नच बदलावा लागला. दोराची चौकशी सोडून यंत्राने वेगावर नजर ठेवायची. त्यासाठी आला गव्हर्नर. केबिनला जोडलेला एक वेगळा, बारीक दोर शाफ्टच्या माथ्यावरचं छोटं चाक फिरवतो. त्या चाकावर वजनं असतात. गोल गिरकी घेताना आपले हात बाहेर ओढले जातात, तशी तीही वेगाबरोबर बाहेर फाकतात. नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे वेग गेला की ती चाक अडकवतात, बारीक दोर पकडला जातो, आणि खाली सरकणारी केबिन त्या अडलेल्या दोरामुळे स्वतःचेच ब्रेक ओढून घेते. केबिनच्या बुडाशी असलेल्या पाचरी दोन्ही गाइड रेलना, म्हणजे केबिन ज्यांच्या आधारे सरकते त्या उभ्या रुळांना, करकचून धरतात. मुख्य दोर तुटले आहेत की नाहीत, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मुळात मुख्य दोरही एक नसतो. ते अनेक असतात आणि एकत्रितपणे गरजेच्या कितीतरी पट भार पेलतात.

गव्हर्नरचीही एक कमजोरी आहे: तो बारीक दोर. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात एक बी-२५ बॉम्बर विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ७९व्या मजल्याच्या आसपास धडकलं. बेटी लू ऑलिव्हर ही विशीतली लिफ्ट चालवणारी तरुणी त्यात जखमी झाली. तिला खाली नेण्यासाठी दुसऱ्या लिफ्टमध्ये बसवलं आणि धडकेत दुबळे झालेले दोर तुटले. गव्हर्नरचा दोरही त्याच धडकेत तुटलेला होता, त्यामुळे ब्रेकला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. केबिन ७५ मजले खाली गेली. तळाशी साचलेल्या तुटक्या दोरांच्या वेटोळ्यांनी आणि अरुंद शाफ्टमध्ये दाबल्या गेलेल्या हवेने आघात सौम्य केला असावा. मान, पाठ, कमरेचं हाड मोडूनही बेटी वाचली.

अशा वेळी शेवटच्या क्षणी उडी मारावी, हा सल्ला अजून ऐकू येतो. ३० मीटर, म्हणजे सुमारे दहा मजले, मोकळेपणी पडलेली वस्तू तळाशी सेकंदाला २४ मीटर वेगाने आदळते. हा ताशी ८५ किलोमीटरहून जास्त वेग झाला. चांगली उडी त्या वेगातले सेकंदाला तीनेक मीटर कमी करेल. शिवाय तो शेवटचा क्षण बंद केबिनमध्ये कळणार कसा?

दोर तुटण्यापेक्षा लिफ्टचा खरा धोका आहे दाराशी. मजल्याचं दार उघडलं आणि समोर केबिनच नाही, किंवा दार उघडं असताना केबिन हलली, असे अपघात. मिनेसोटातल्या अलेक्झांडर माइल्स यांना १८८७ साली आपोआप उघडझाप होणाऱ्या दारांचं पेटंट मिळालं, ते याच कारणासाठी. मुंबईतल्या जुन्या इमारतींतल्या जाळीच्या लिफ्ट दोन्ही दारं नीट लागेपर्यंत हलत नाहीत, कारण दाराचं कुलूप विजेच्या जोडणीत गुंफलेलं असतं. त्या कुलपात काडी खुपसून लिफ्ट ‘चालू करणारे’ महाभाग प्रत्येक सोसायटीत सापडतात. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टचं दार फाकवून खाली उतरायला जाणं त्याहून वाईट. त्या वेळी केबिनच्या बुडाखाली, पायापासून हातभर अंतरावर, मोकळा शाफ्ट असतो. पाय घसरला तर माणूस थेट त्यात जातो, आणि त्याला धरायला कुठलाही गव्हर्नर नसतो.