पुन्हा गुन्हा आणि पुन्हा अटक: एका आकड्यात मिसळलेल्या दोन गोष्टी

२००५ साली अमेरिकेतल्या ३० राज्यांच्या तुरुंगांतून ४ लाखांहून अधिक कैदी सुटले. तिथल्या न्याय विभागाच्या सांख्यिकी कार्यालयाने पुढच्या पाच वर्षांतल्या त्यांच्या नोंदी तपासल्या. त्या काळात ७६.६ टक्के लोकांना निदान एकदा पुन्हा अटक झाली. न्यायालयात पुन्हा दोषी ठरले ५५.४ टक्के. स्थानिक कोठड्या वगळून राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात जाण्याची नवी शिक्षा झाली ती २८.२ टक्क्यांना. माणसं तीच आणि वर्षंही तीच. तरी ‘सुटलेल्यांपैकी किती जण पुन्हा गुन्हेगारीकडे वळले?’ या प्रश्नाला यातलं कुठलंही उत्तर देता येतं, आणि दिलंही जातं. एक म्हणतो चारांतले तीन, दुसरा म्हणतो चारांतला एक, आणि दोघांच्याही हातात सरकारी अहवाल असतो.

माणसाने पुन्हा गुन्हा करणं ही एक गोष्ट. त्याच्या नावावर पुन्हा नोंद होणं ही दुसरी. पहिली त्याच्या हातून घडते. दुसरी घडायला आणखी बरेच हात लागतात: कुणीतरी तक्रार करावी लागते, पोलिसांनी ती नोंदवून घ्यावी लागते, संशयित सापडावा लागतो, सरकारी वकिलाने खटला चालवावा लागतो, साक्षीदार टिकावे लागतात. संशोधकाला मोजता येते ती बहुतेक वेळा दुसरीच गोष्ट. बोलताना मात्र आपण सगळे पहिलीबद्दल बोलतो.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे लंडनमधल्या एका प्रदीर्घ अभ्यासात दिसतं. १९६१ साली दक्षिण लंडनच्या कामगार वस्तीतली ८-९ वर्षांची ४११ मुलं निवडली गेली आणि पुढे अनेक दशकं त्यांचा माग ठेवला गेला. डेव्हिड फॅरिंग्टन यांनी या अभ्यासाला उभं आयुष्य दिलं. न्यायालयाच्या नोंदी पाहिल्या, तर वयाच्या बत्तिशीपर्यंत साधारण एक तृतीयांश मुलं दोषी ठरली होती. पण त्याच मुलांना विश्वासात घेऊन विचारलं, तेव्हा चोरी, मारामारी, तोडफोड यांपैकी काही ना काही केल्याची कबुली जवळजवळ सगळ्यांनी दिली. त्यांतले बरेच गुन्हे किरकोळ होते, हे खरं. कबुलीलाही मर्यादा असतात. लोक विसरतात, लपवतात, काही फुशारकीही मारतात. तरीही दप्तरातली गुन्हेगारी आणि प्रत्यक्षातली गुन्हेगारी यांच्यातली दरी नजरेआड करता येत नाही.

म्हणजे नोंद नेहमी कमीच मोजते, असं वाटेल. तसं नाही, ती उलट्या बाजूनेही चुकते. ज्याची आधीची नोंद आहे, त्याचा चेहरा पोलिसांना ठाऊक असतो, बोटांचे ठसे दप्तरी असतात. परिसरात काही घडलं की संशय आधी त्याच्याकडे वळतो. अशा अटकांतल्या काही पुढे टिकत नाहीत. तरी अटकेवरून मोजणाऱ्या तक्त्यात त्या माणसासमोर ‘पुन्हा’ अशी खूण पडलेलीच असते.

याहून गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे अट मोडणं. अमेरिकेत मुदतीआधी सुटलेला कैदी पॅरोलवर असतो. हा शब्द इथे जपून वाचावा: मराठी बातम्यांत पॅरोल म्हणजे कैद्याला मिळणारी काही दिवसांची सुटी, तर तिकडे तो देखरेखीखाली घालवायचा, कधीकधी वर्षानुवर्षांचा काळ. त्याला अटी असतात. ठरल्या दिवशी अधिकाऱ्यासमोर हजर राहायचं, लघवीची तपासणी द्यायची, न विचारता पत्ता बदलायचा नाही. यातलं काही चुकलं, तर नवा गुन्हा न करताही माणूस परत आत जाऊ शकतो. वरच्याच अहवालात ‘तुरुंगात परत आले’ असाही एक आकडा आहे, आणि तो ५५.१ टक्के आहे. तो २८.२ च्या जवळजवळ दुप्पट आहे. दोन्ही आकड्यांसाठी वापरलेल्या राज्यांची यादी पूर्णपणे सारखी नाही, पण या तफावतीतला मोठा वाटा अटी मोडल्याबद्दल झालेल्या परतीचा आहे.

एक प्रयोग मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. जोन पीटर्सिलिया आणि सुसान टर्नर यांनी त्याचे निष्कर्ष १९९३ साली मांडले. अमेरिकेतल्या नऊ राज्यांत १४ ठिकाणी काही दोषींना कडक देखरेखीखाली ठेवलं, बाकीच्यांना नेहमीच्या व्यवस्थेत. कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यदृच्छेने ठरवलं, त्यामुळे दोन्ही गट मुळात सारखे होते. वर्षभराने पाहिलं, तर नव्याने अटक झालेले कडक गटात ३७ टक्के आणि दुसऱ्या गटात ३३ टक्के होते. फरक नगण्य. अटी मोडल्याच्या नोंदी मात्र कडक गटात ६५ टक्के, दुसऱ्यात ३८ टक्के. त्यामुळे तुरुंगात परतणारेही कडक गटातच जास्त. माणसं जास्त बिघडलेली नव्हती, त्यांच्याकडे जास्त वेळा पाहिलं जात होतं. कुणी यातला फक्त तुरुंगात परतल्याचा आकडा उचलला, तर तो म्हणेल की हे लोक सुधारत नाहीत, देखरेख आणखी वाढवा. ती वाढवली की आकडा आणखी वर जाणार. त्या आकड्याच्या जोरावर एखाद्याची सुटका नाकारली जाते किंवा एखादा सुधारणेचा कार्यक्रम बंद पडतो, तेव्हा ही चूक केवळ तांत्रिक राहत नाही.

देशांची तुलना करतानाही हेच होतं. नॉर्वेचे २० टक्के आणि अमेरिकेचे ७० च्या आसपास, ही जोडी वाचकांनी अनेकदा पाहिली असेल. नॉर्वेचा आकडा सुटकेनंतरच्या दोन वर्षांत झालेल्या नव्या शिक्षेचा आहे. अमेरिकेचा तीन वर्षांतल्या अटकेचा. नॉर्वेतले तुरुंग माणसाला खरोखरच अधिक चांगलं परत पाठवत असतील, मला स्वतःला तसंच वाटतं. पण या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून ते सिद्ध होत नाही.

नोंदीवरून मोजण्यात आणखी एक उणीव आहे. तिथे उत्तर फक्त हो किंवा नाही. रोज घरं फोडणारा माणूस सुटल्यावर दोन वर्षांत एकदाच किरकोळ चोरीत सापडला, तर तक्त्यात तो ‘पुन्हा’च्या रकान्यात जातो, पूर्वीइतकीच घरं फोडणाऱ्याच्या शेजारी. गुन्हेगारी सोडणं मात्र एका दिवसात होत नाही. व्यसन सुटताना जसं होतं तसंच इथेही: अंतर वाढत जातं, गुन्ह्याचं गांभीर्य उतरत जातं, मध्येच पाय घसरतो. बोस्टन भागातल्या, बालसुधारगृहांत गेलेल्या ५०० मुलांचा अभ्यास मुळात ग्लूक दांपत्याने सुरू केला होता. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी ते काम पुढे नेलं आणि त्यांतल्या काहींना सत्तरीच्या उंबरठ्यावर शोधून काढलं. एकेकाळचे अट्टल म्हणावेत असे लोकही वयाबरोबर थांबत गेले होते. कुणाला स्थिर नोकरीने थांबवलं, कुणाला लग्नाने, कुणाला सैन्यातल्या दिवसांनी. दोन-तीन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या तक्त्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

किती काळ स्वच्छ गेला म्हणजे जुनी नोंद निरर्थक होते, याचं उत्तर अल्फ्रेड ब्लमस्टाइन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी २००९ साली शोधलं. १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा अटक झालेल्यांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. अठराव्या वर्षी जबरी चोरीसाठी पकडलेला मुलगा पुन्हा अटक न होता राहिला, तर ७.७ वर्षांनी त्याचा अटकेचा धोका समवयस्क सर्वसामान्यांइतका खाली आला. गंभीर मारहाणीसाठी हा काळ ४.३ वर्षं होता, घरफोडीसाठी ३.८. इथेही मोजली गेली ती अटकच. पण दोन्ही बाजूंना तीच मोजली, एकाच वयाच्या माणसांची.